'भामटा' हा शब्द आणि मांडीवर ओढलेली पिशवी

पैसे घेऊन गायब झालेला एजंट म्हणजे भामटा. एटीएमपाशी मदतीच्या बहाण्याने कार्ड बदलून नेणारा भामटा. लग्नाचं आमिष दाखवून लुबाडणारा तोही भामटा. मराठी पेपरात हा शब्द नेहमीचाच आहे. चहा पिता पिता आपण तो वाचतो आणि पान उलटतो.

महाराष्ट्र शासनाची विमुक्त जातींची यादी मात्र फारसं कुणी वाचत नाही. तिथे बेरड, कैकाडी, वडार, रामोशी, छप्परबंद यांच्याबरोबर 'भामटा' आणि 'राजपूत भामटा' ही नावंही आहेत. ही हयात माणसांच्या समाजांची नावं आहेत. त्या घरातल्या मुलाला शिष्यवृत्तीसाठी जातीचा दाखला काढावा लागतो, दाखल्यावर हाच शब्द छापलेला असतो, आणि वर्गात मराठीच्या तासाला त्याच शब्दाचा अर्थ 'लुच्चा, ठकवणारा' असा शिकवला जातो. मला हे कळलं तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. तोवर तो शब्द मी कितीदा वापरला असेल, याची मोजदाद नाही.

एका अख्ख्या समाजाचं नाव शिवी कसं होतं, हे समजून घ्यायचं तर तीन गोष्टी आधी वेगळ्या कराव्या लागतात. बोलताना आपण त्यांची सरमिसळ करतो.

माझाच एक प्रसंग सांगते. एसटी स्टँडवर बाकावर बसले होते. शेजारी एक बाई येऊन टेकली. काखेत पोर, डोक्यावरून उतरवलेलं गाठोडं, गळ्यात मण्यांच्या माळा. माझा हात आपोआप गेला आणि बाजूला ठेवलेली पिशवी मी मांडीवर ओढून घेतली. सगळं मिळून दोन सेकंदांचं काम. तिने ते पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली.

त्या दोन सेकंदांत तीन गोष्टी घडल्या. 'अशा बायका चोऱ्या करतात' हे डोक्यात आधीपासून कोरलेलं चित्र, हा झाला ठसा, म्हणजे स्टिरिओटाइप. पोटात आलेली बारीकशी भीती आणि नावड, हा पूर्वग्रह. पिशवी ओढणं, हा भेदभाव. ठसा विचारात असतो, पूर्वग्रह भावनेत आणि भेदभाव कृतीत. तिघांची बहुतेक वेळा साखळी असते, पण प्रत्येक कडी वेगळ्या कारणाने घडते आणि तोडायची तर वेगळ्या उपायाने तुटते. 'लोकांची मनं बदलली पाहिजेत' असं म्हणणारे सज्जन लोक इथेच अडतात, असं मला वाटतं. ते तिन्ही कड्यांवर एकच हातोडा मारत राहतात.

ठसा हा शब्द मी मुद्दाम घेतला आहे. स्टिरिओटाइप हा मूळचा छापखान्यातला शब्द. अक्षरांचे धातूचे खिळे जुळवून एक पान तयार झालं की त्याचा साचा घेऊन धातूची अखंड पट्टी ओतायची आणि तिच्यावरून हव्या तितक्या प्रती काढायच्या. पुन्हा खिळे जुळवायला नकोत. अमेरिकी पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ साली हा शब्द माणसाच्या डोक्यातल्या चित्रांसाठी वापरला आणि तो रूढ झाला. समोरचा माणूस नव्याने वाचण्याचे कष्ट वाचतात, जुन्या पट्टीवरून प्रत निघते.

मेंदूला अशा पट्ट्या लागतातच, हेही मान्य करायला हवं. आपली आजी शितावरून भाताची परीक्षा करते आणि ती चुकत नाही, कारण सगळी शितं एकाच पातेल्यात, एकाच विस्तवावर शिजलेली असतात. माणसांच्या बाबतीत नेमकं हेच खरं नसतं. तरीही आपण एका शितावरून पातेल्याचा निकाल लावतो, आणि कित्येकदा तर ते एक शीतही पाहिलेलं नसतं, कुणीतरी सांगितलेलं असतं.

भामटा, पारधी, कैकाडी यांच्याबद्दल हे सांगणारं कोण होतं, ते कागदोपत्री सापडतं. १८७१ साली इंग्रज सरकारने क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट केला. त्यामागचं तर्कशास्त्र असं: या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो आणि विणकराचा विणकर, त्या अर्थी चोराचा मुलगा चोरच होणार. कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला आणि १९११च्या सुधारित कायद्यानंतर मुंबई इलाख्यातही आला. जमातच्या जमात गुन्हेगार ठरली. तिच्यात जन्मलेल्या माणसाची नोंदणी व्हायची, त्याला पोलिसांकडे हजेरी लावावी लागायची, गाव सोडायचं तर परवानगी घ्यावी लागायची. सोलापुरात अशा कुटुंबांना तारेच्या कुंपणाआड ठेवलं होतं. त्या वस्तीला लोक 'सेटलमेंट' म्हणत, आणि तो शब्द तिथल्या बोलण्यात आजही आहे.

३१ ऑगस्ट १९५२ला कायदा रद्द झाला. म्हणून या जमाती 'विमुक्त', आणि ३१ ऑगस्ट हा त्यांचा विमुक्त दिन. पण ८१ वर्षं सरकारी शिक्क्यानिशी छापलेली पट्टी वितळवायची कुणाला सुचली नाही. शिवाय जुन्या कायद्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले आणि पोलिसांची नजर त्याच वस्त्यांवर राहिली.

इथे एक शंका येते, आणि ती प्रामाणिक आहे. 'अहो, पण चोरीच्या बातम्यांत ही नावं येतातच ना? धूर आहे म्हणजे आग असणारच.' या शंकेला टाळून पुढे जाता येणार नाही, म्हणून जरा थांबते.

डेव्हिड हॅमिल्टन आणि रॉबर्ट गिफर्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना ३९ वाक्यं वाचायला दिली. प्रत्येक वाक्यात एका माणसाने केलेली एक गोष्ट होती आणि तो 'अ' गटातला की 'ब' गटातला एवढाच उल्लेख होता. 'अ' गट मोठा होता. त्याच्याविषयी २६ वाक्यं, त्यातली १८ चांगल्या वागण्याची आणि ८ वाईट. 'ब' गट लहान होता. त्याच्याविषयी १३ वाक्यं, ९ चांगली आणि ४ वाईट. हिशेब करून पाहा. दोन्हीकडे प्रमाण नवास चार असंच आहे. 'ब' गट काडीनेही जास्त वाईट नाही. तरी वाचून झाल्यावर लोकांना विचारलं, तर त्यांना 'ब'वाल्यांची वाईट कृत्यं होती त्याहून जास्त आठवली आणि 'ब' गटाबद्दल त्यांचं मत अधिक वाईट झालं.

असं का व्हावं? 'ब' गटाची माणसं कमी, म्हणून ती भेटली की लक्ष जातं. वाईट वागणूकही तुलनेने कमी, म्हणून तिच्याकडेही लक्ष जातं. दोन विरळ गोष्टी एकत्र आल्या की त्या डोळ्यांत भरतात, स्मरणात चिकटतात, आणि मन नकळत त्यांची गाठ मारून टाकतं. या प्रयोगात द्वेष नव्हता, इतिहास नव्हता, गटांना नावंसुद्धा नव्हती. होती फक्त मोजणीतली चूक.

आता हा हिशेब आपल्या बातम्यांना लावा. घरफोडी करणारा बहुसंख्य समाजातला असेल तर तो नुसता 'चोरटा' असतो, त्याची जात कुणी लिहीत नाही. आरोपी पारधी असेल तर 'पारधी टोळी' असं छापून येतं. पहिल्या बातमीने कुठल्याच समाजाच्या खात्यात काही जमा होत नाही. दुसरीने एका लहान समाजाच्या खात्यात कायमची नोंद होते. असं वर्षानुवर्षं चालल्यावर धूर दिसणारच, कारण एकाच चुलीचा धूर मोजायचा असं आपण ठरवलेलं आहे.

ठसा एकदा उमटला की तो आपला पुरावा आपणच तयार करत राहतो. १९७६ सालीच मानसशास्त्रज्ञ बर्ट डंकन यांनी कॅलिफोर्नियातल्या गोऱ्या विद्यार्थ्यांना दोन माणसांची वादावादी पडद्यावर दाखवली. शेवटी एकजण दुसऱ्याला धक्का देतो. धक्का देणारा काळा आणि खाणारा गोरा असला, तेव्हा ७५ टक्के विद्यार्थ्यांनी त्याला हिंसक वागणूक म्हटलं. माणसं उलट केली, म्हणजे देणारा गोरा आणि खाणारा काळा, तर हे प्रमाण १७ टक्क्यांवर आलं. बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांना तो थट्टेतला प्रकार वाटला. ठसा असा पाहण्याच्या क्षणातच मिसळलेला असतो. पाहून झाल्यावर मग मनात येतो, असं नाही.

आणि ठशाच्या विरुद्ध जाणारा माणूस भेटला तर? तर आपण त्यालाच बाजूला काढतो. 'ती त्यांच्यातली वाटतच नाही हो!' हे वाक्य आपण कौतुकाने बोलतो. त्याचा खरा अर्थ असा की त्यांच्याबद्दलचं माझं मत तसंच शाबूत आहे, तुला फक्त यादीतून वगळलं.

बरं, ठसा मुळीच नसला तर माणसं एकमेकांना सारखी वागवतील का? मानसशास्त्रज्ञ हेन्री ताज्फेल यांनी हे तपासलं. ते पोलंडमधले ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यातून लढताना जर्मनांच्या हाती सापडले. ज्यू असल्याचं त्यांनी लपवलं नाही, पण पोलिश असल्याचं लपवलं. कागदावर ते फ्रेंच युद्धकैदी राहिले आणि वाचले. परत आले तेव्हा जवळजवळ सगळं कुटुंब मारलं गेलं होतं. आपला कप्पा कोणता, या एका नोंदीवर माणसाचं जगणं-मरणं ठरू शकतं हे ज्याने भोगलं, त्याने पुढे हयातभर कप्प्यांचाच अभ्यास केला.

१९७० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात ब्रिस्टॉलमधली १४-१५ वर्षांची शाळकरी मुलं होती. पडद्यावर ठिपके दाखवून किती असतील याचा अंदाज घ्यायला सांगितला, आणि 'तू जास्त सांगणाऱ्यांतला, तू कमी सांगणाऱ्यांतला' असे गट पाडले. खरं तर ही वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखीच होती. मग प्रत्येकाला एकट्याला बसवून दोन अनोळखी मुलांमध्ये पैसे वाटायला दिले. त्यातला कोण आपल्या गटाचा एवढंच कळायचं, आणि वाटणाऱ्याला स्वतःला त्यातून दमडीही मिळणार नव्हती. मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. मला याहून अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आहे. चित्रांच्या आवडीवरून गट पाडलेल्या दुसऱ्या प्रयोगात, आपल्या गटाला थोडे कमी पैसे मिळाले तरी चालतील पण दुसऱ्याहून अंतर जास्त राहिलं पाहिजे, अशी निवडही अनेकांनी केली. अशा नावापुरत्या गटांसाठी मुलं असं वागली, तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या जातीसाठी माणसं काय करत असतील?

आता तिसरी कडी, म्हणजे कृती. मनात आहे तेच हातून घडतं असं आपण धरून चालतो, पण तसं नेहमी होत नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर हिंडले. चिनी लोकांविषयी तेव्हा तिथे उघड तिटकारा होता. अडीचशे हॉटेलं आणि खाणावळींपैकी फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. काही महिन्यांनी त्यांनी त्याच ठिकाणांना पत्रं पाठवून विचारलं, चिनी पाहुणे घ्याल का? उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांनी नाही म्हटलं. समोर नीटनेटकी, हसतमुख माणसं उभी होती तेव्हा तोंडातून नकार निघाला नाही. कागदावर तो सहज निघाला.

आपल्याकडे याची उलटी बाजू दिसते. मनात वाईट काही नाही असं शपथेवर सांगणारी माणसं कागदावर गाळणी लावतात. मूळचे अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकी समाजशास्त्रज्ञ पॉल ॲटवेल यांनी २००५पासून ६६ आठवडे इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. ५४८ जाहिराती, ४,८०८ अर्ज. शिक्षण आणि अनुभव सारखाच, फरक फक्त नावात. एक नाव उच्चवर्णीय हिंदू, एक दलित, एक मुस्लिम. उच्चवर्णीय नावाशी तुलना करता दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. म्हणजे गुणवत्ता वाचायच्या आधीच आडनाव वाचून झालं होतं.

त्याच सुमारास समाजशास्त्रज्ञ सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या मोठ्या कंपन्यांच्या २५ मनुष्यबळ अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो, असंच ही मंडळी सांगत होती. पण उमेदवाराला काय विचारता, यावर हमखास येणारं एक उत्तर होतं: कौटुंबिक पार्श्वभूमी. वडील काय करतात, भावंडं किती, घर कुठे. आपण मराठीत याला 'घरचं वळण' म्हणतो. त्या प्रश्नामागे द्वेष नसतो. आपल्यासारखाच माणूस निवडण्याची ओढ असते, आणि तिने दार बंद होतं ते तितकंच घट्ट. म्हणून 'मी कुणाचा द्वेष करत नाही' हे खरं असूनही पुरेसं नाही.

ज्याच्यावर ठसा मारला जातो त्याच्या आत काय होतं, याकडे मात्र आपण सगळ्यात कमी बघतो. अर्थतज्ज्ञ कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या ६४२ मुलग्यांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. जितके सुटतील तितके पैसे. जात जाहीर केली नव्हती तेव्हा चर्मकार समाजातली मुलं आणि उच्चवर्णीय मुलं यांच्या कामगिरीत फरक पडला नाही. मग दुसऱ्या गटांत सुरुवातीला प्रत्येकाचं नाव, गाव, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव आणि जात मोठ्याने वाचली, आणि मुलांनी होय म्हणून मान डोलावली. बाकी सगळं तेच. खालच्या मानल्या गेलेल्या जातींतल्या मुलांनी सोडवलेले चक्रव्यूह सुमारे २० टक्क्यांनी घटले. ही मुलं मगाच्या मुलांपेक्षा कमी हुशार नव्हती. फक्त सगळ्यांसमोर त्यांच्याविषयीचा ठसा जागा केला गेला होता. हजेरीपटावरून जात मोठ्याने वाचणारे, 'शिष्यवृत्तीवाले उभे राहा' म्हणणारे वर्ग आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. कितीतरी मुलांचे चक्रव्यूह तिथेच अडले असतील.

आणखी एक अभ्यास मला पचायला जड गेला. अर्थतज्ज्ञ रेमा हॅना आणि ली लिंडेन यांनी भारतात मुलांची परीक्षा घेतली आणि उत्तरपत्रिकांच्या पहिल्या पानावर मुलाची जात चिठ्ठ्या टाकल्यासारखी लिहिली. तपासणाऱ्या शिक्षकांनी खालची जात लिहिलेल्या पत्रिकांना किंचित कमी गुण दिले. फरक लहान होता, पण होता. आणि तो मुख्यतः आला स्वतः खालच्या मानल्या गेलेल्या जातींतल्या शिक्षकांकडून. ठसा हवेत असतो. ज्याच्या फुप्फुसात तो जातो, त्याची जात तो विचारत नाही. म्हणून याकडे 'वाईट माणसं विरुद्ध चांगली माणसं' असं पाहून उपयोग होत नाही.

मग कशाने फरक पडतो? दोन गोष्टींबद्दल खात्रीने बोलता येतं.

एक म्हणजे सहवास, पण कुठलाही नव्हे. घरात धुणंभांडी करायला येणाऱ्या बाईंशी रोज गप्पा होतात म्हणून पूर्वग्रह जात नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ सालीच म्हटलं होतं की भेट बरोबरीच्या नात्याने व्हावी, ध्येय एक असावं, एकमेकांच्या मदतीने काम व्हावं आणि वरच्या यंत्रणेचा त्याला पाठिंबा असावा. हे आपल्याकडे तपासलं अर्थतज्ज्ञ मॅथ्यू लो यांनी, तेही क्रिकेटच्या मैदानावर. उत्तर प्रदेशात त्यांनी १,२६१ तरुणांपैकी काहींना महिनाभराच्या स्पर्धांत उतरवलं, कुणाला एकाच जातीच्या संघात आणि कुणाला मिश्र संघात. कोण कुठे, हे चिठ्ठीने ठरलं. मिश्र संघातून एकत्र खेळणाऱ्यांची इतर जातींशी मैत्री वाढली. पण इतर जातींच्या खेळाडूंविरुद्ध जास्त खेळावं लागलं, तिथे परिणाम उलटा झाला. गावागावांत जातीनिहाय मंडळं, जातीनिहाय चषक भरवणाऱ्यांनी हे वाचावं असं मला फार वाटतं.

दुसरी गोष्ट म्हणजे ठशाला कामच करता येणार नाही अशी पद्धत. बोर्डाच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, बैठक क्रमांक असतो. तपासणाऱ्याचं मन शुद्ध आहे की नाही, हे तपासत बसावं लागत नाही. मन बदलायला पिढ्या लागतात, रकाना काढून टाकायला एक परिपत्रक पुरतं. ३ ऑक्टोबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगांच्या नियमावल्यांमध्ये जातीवरून कामं वाटण्याच्या तरतुदी होत्या, विमुक्त जमातींकडे जन्मजात गुन्हेगार म्हणून पाहणारे उल्लेख होते. न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. १९५२ साली रद्द झालेल्या कायद्याची भाषा तोवर सरकारी पुस्तकांत टिकून होती.

घरातली, बोलण्यातली भाषा न्यायालय बदलत नाही. ती आपल्याच हातात असते. 'भामटा' सोडायचं ठरवलं तेव्हा माझ्या तोंडात आधी 'ठग' आला. पण त्याचाही इतिहास तसाच, इंग्रजांनी 'ठगांच्या टोळ्या' म्हणून माणसांवर मारलेला शिक्का. मग शोधायला लागले. लबाड आहे, लुच्चा आहे, तोतया आहे, चोरटा आहे, 'गंडा घालणारा' आहे, सरळ 'फसवणारा' आहे. एटीएमपाशी मदतीच्या बहाण्याने कार्ड बदलून नेणारा माणूस 'तोतया मदतनीस' असतो, आणि असं लिहिल्यावर त्या बातमीतला एकही तपशील कमी होत नाही.